आंतरशालेय तंत्रज्ञान व रचना स्पर्धा : ‘प्रकल्प विद्यार्थ्यांनी स्वतः केलेला असावा’ हे कलम कसे लिहावे?

प्रश्न : माध्यमिक शिक्षिका, मालवण तालुका

नमस्कार. आमच्या परिसरातील काही माध्यमिक शाळांनी मिळून आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी तंत्रज्ञान व रचना स्पर्धा घेण्याचे ठरवले असून नियमावलीचा मसुदा माझ्याकडे सोपवला आहे. गटात तीन विद्यार्थी असावेत आणि विषय किनाऱ्यावरच्या रोजच्या कामांतल्या अडचणींचा असावा, याबद्दल मतभेद नाहीत. गाडे अडले आहे ते एका कलमापाशी. ‘प्रकल्प विद्यार्थ्यांनी स्वतः केलेला असावा’ हे वाक्य विज्ञान प्रदर्शनांच्या पत्रकांत वर्षानुवर्षे छापले जाते आणि प्रत्येक परीक्षक त्याचा आपापल्या परीने अर्थ लावतो.

उदाहरण देते. आमच्या एका गटाने मासळी वाळवण्याची पेटी करायला घेतली आहे. अवकाळी सर आली की खळ्यात पसरलेली सुंगटे (कोळंबी) गोळा करताना होणारी धावपळ या मुलींनी घरी पाहिली आहे, म्हणून कल्पना त्यांचीच. परंतु पेटीची लोखंडी चौकट एकीच्या काकांनी होड्या दुरुस्तीच्या शेडमध्ये वेल्डिंग करून दिली, ओलावा मोजणारा सेन्सर बाजारातून तयार आणला आणि पंखा चालू-बंद करणारा प्रोग्राम इंटरनेटवर मिळालेल्या नमुन्यावरून केला. यात ‘स्वतः’ किती? शिवाय स्पर्धेतील एका शाळेत अटल टिंकरिंग लॅब (केंद्राच्या योजनेतली साधने-यंत्रांची प्रयोगशाळा) आहे, तर काही शाळांत सोल्डरिंग गनसुद्धा नाही. खर्चाची मर्यादा दोन हजार रुपये ठेवली तर ही दरी बुजेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : निवृत्त अधिव्याख्याता (यंत्र अभियांत्रिकी), रत्नागिरी

मॅडम, ‘स्वतः’ या शब्दाची व्याख्या करण्याच्या फंदात पडू नये. त्याऐवजी मदत जाहीर करण्याची सक्ती करावी आणि न सांगितलेल्या मदतीला दंड ठेवावा. वेल्डिंग काकांनी केले यात काहीच गैर नाही. चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात वेल्डिंगचा होल्डर देणारा नियम कोणी करू नये आणि अप्रत्यक्षपणे तसे करायला लावणारा नियमही करू नये. मात्र चौकटीची मापे कोणी काढली, जाळीचे खण किती अंतरावर ठेवायचे हे कोणी ठरवले आणि पहिली चौकट वाकडी झाली असेल तर ती का झाली, हे मुलींना सांगता आले पाहिजे. रचना म्हणतात ती हीच. जोडणी हा निराळा भाग आहे आणि गुणपत्रकात दोहोंचे रकाने वेगळे हवेत.

यासाठी नोंदवही अनिवार्य करावी; प्रकल्पाच्या आदल्या रात्री सुवाच्य अक्षरात उतरवलेली नव्हे, तर तारखा, खाडाखोड, फसलेली आकृती आणि ‘हा भाग अमुक यांनी करून दिला’ अशा नोंदी असलेली. वर्गशिक्षकांनी दर आठवड्याला पानावर सही केली की बनवाबनवी बरीच आटोक्यात येते. मी परीक्षक म्हणून नोंदवही आधी वाचतो आणि मॉडेलकडे नंतर वळतो. रंगरंगोटीने डोळे दिपण्यापूर्वी मत तयार झालेले बरे असते.

प्रोग्रामबद्दल एकच कसोटी ठेवावी : परीक्षकासमोर एक लहानसा बदल करून दाखवणे. ‘साठ टक्के ओलाव्यावर पंखा सुरू होतो, तो आता सत्तरवर सुरू करून दाखवा’ एवढे सांगितले की नमुना इंटरनेटवरून घेतला असो, एआयकडून लिहून घेतला असो किंवा दादाने दिला असो, समजून घेतला आहे की नाही ते दोन मिनिटांत कळते. जाता जाता : डीएचटी-११ हा स्वस्त सेन्सर वापरला असल्यास तो नव्वद टक्क्यांच्या वर भरवशाचा राहत नाही, आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवेतला ओलावा त्यापुढे सहज जातो. हे मुलींनी स्वतःहून सांगितले तर मी त्यांना पंख्यापेक्षा जास्त गुण त्यासाठी देईन.

उत्तर २ : बागायतदार व तालुका प्रदर्शनातील परीक्षक, दापोली

वरील मताशी सहमत आहे, पण एक गोष्ट राहिली. ‘आधी काय उपलब्ध होते आणि आम्ही त्यात काय बदलले’ हे अर्ध्या पानात लिहून देण्याची अट घालावी. आमच्याकडे प्रदर्शनात आंबे काढण्याचा झेला हमखास येतो. पाते आणि जाळी लावून ‘नवे संशोधन’ असा फलक टांगतात, आणि कोकण कृषी विद्यापीठाचा ‘नूतन झेला’ कितीतरी वर्षांपासून बागांत वापरात आहे हे परीक्षकाला सांगावे लागते. देठ ठेवून आंबा उतरवला की चीक फळावर ओघळत नाही आणि साल डागाळत नाही, हा त्या पात्यामागचा खरा हेतू. तो मुलांना विचारला तर बरेचदा गप्प बसतात. जुन्या गोष्टीत सुधारणा करणे कमीपणाचे नाही. लांब काठीचा तोल सावरावा म्हणून कोणी बांबूऐवजी वेगळी नळी वापरली, तिचे वजन घेतले आणि माडीवरून नव्हे तर खऱ्या आंब्याच्या झाडाखाली उभे राहून वापरून पाहिले, तर तो प्रकल्प माझ्या दृष्टीने पहिल्या रांगेतला आहे.

खर्चाच्या मर्यादेबद्दल : प्रत्यक्ष खर्च धरू नका, वापरलेल्या वस्तूंची बाजारभावाने किंमत धरा. नाहीतर ज्याच्या काकांचे इलेक्ट्रॉनिक्सचे दुकान आहे त्याचा प्रकल्प कागदावर फुकटात होतो. भंगारातून आणलेल्या वस्तूला भंगाराचाच भाव लावावा. लॅबच्या यंत्राची किंमत धरायची नाही, पण थ्रीडी प्रिंटरवर छापलेला भाग वजन करून फिलामेंटच्या (छपाईच्या प्लास्टिक तारेच्या) भावाने मोजावा. टिंकरिंग लॅबला केंद्राकडून वीस लाखांपर्यंत अनुदान मिळते; ती दरी दोन हजारांच्या मर्यादेने पूर्ण बुजणार नाही. जमल्यास त्या शाळेने इतर गटांसाठी एक शनिवार लॅब उघडी ठेवावी, अशी विनंती मुख्याध्यापकांना करून पाहावी.

उत्तर ३ : आयटीआय निदेशक (वायरमन), कुडाळ

सुरक्षिततेचे कलम चर्चेत अजून आले नाही, म्हणून लिहितो. उघड्या जोडणीत २३० व्होल्टचा पुरवठा कोणत्याही प्रकल्पात नसावा. बारा व्होल्ट डीसीपर्यंतच परवानगी द्यावी आणि तोही बीआयएस चिन्ह असलेल्या तयार अडॅप्टरमधूनच घ्यावा. सभागृहाच्या बोर्डाला तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे की नाही हे आयोजकांनी आदल्या दिवशी वायरमनकडून तपासून घ्यावे, कारण मासळीच्या आणि पाण्याच्या प्रकल्पांत मुलांचे हात ओले असणारच.

जुन्या लॅपटॉपमधून काढलेले लिथियम सेल मुले सर्रास आणतात. पूर्ण चार्ज झालेला असा सेल ४.२ व्होल्टचा असतो. तो त्यापुढे चार्ज होत राहिला किंवा खिशातल्या किल्लीने त्याची टोके जुळली, तर पेट घेऊ शकतो. संरक्षक सर्किट नसलेला सेल प्रवेशद्वारावरच बाजूला ठेवावा आणि स्पर्धेच्या जागी चार्जिंगला पूर्ण बंदी करावी. लाईट जाण्याची शक्यता धरून प्रत्येक गटाला प्रात्यक्षिकासाठी दुसरी वेळ मिळेल, हेही नियमावलीतच लिहून टाकावे; ऐनवेळी वाद होतात.

उत्तर ४ : अलिबाग

थोडक्यात लिहितो. एखाद्या गटाच्या मनात पेटंटचा विचार असेल, तर पालकांना आधीच सावध करावे. पेटंट कायदा, १९७० प्रमाणे प्रदर्शनात मांडल्यानंतरही बारा महिन्यांत अर्ज करण्याची सवलत फक्त केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना आहे. शाळांनी मिळून घेतलेली स्पर्धा त्यात बसत नाही. त्यामुळे तात्पुरता अर्ज स्पर्धेच्या आधी करावा. त्यानंतर पूर्ण तपशील देण्यासाठी बारा महिने मिळतात. आणि प्रकल्पाचे हक्क आयोजकांकडे जातील असे वाक्य दुसरीकडच्या नियमावलीतून नकळत तुमच्या मसुद्यात आले असल्यास ते कृपया काढून टाकावे.

प्रश्नकर्त्या शिक्षिका, मालवण तालुका

सर्वांचे मनापासून आभार. हक्कांचे ते वाक्य खरोखरच मसुद्यात होते, ते काढले. वादाचे कलम आता असे लिहिले आहे : ‘प्रकल्पाची कल्पना, मापे व चाचण्या विद्यार्थ्यांच्या असाव्यात. धोक्याची कामे (वेल्डिंग, कटर, ड्रिल) प्रौढ व्यक्तीने करून दिल्यास चालेल. मात्र त्या व्यक्तीचे विद्यार्थ्याशी नाते व केलेले काम नोंदवहीत लिहावे. तयार सुटे भाग व प्रोग्रामचे नमुने कोठून घेतले ते नोंदवावे. न नोंदवलेली मदत आढळल्यास रचनेचे गुण दिले जाणार नाहीत.’ यात काही फट राहते का? आणखी एक शंका : तोंडी प्रश्नोत्तरांत प्रमाण मराठीची अट घालावी, असे एका सहकाऱ्यांचे म्हणणे आहे.

उत्तर ५ : निवृत्त अधिव्याख्याता, रत्नागिरी

कलम चांगले झाले आहे. ‘रचनेचे गुण दिले जाणार नाहीत’ याच्या आधी ‘गटाचे म्हणणे ऐकून घेतल्यानंतर’ एवढे शब्द घालावेत, कारण कधीकधी मूल लिहायला विसरलेले असते आणि विचारल्यावर सरळ सांगून टाकते. हरकत नोंदवण्याची मुदत निकालानंतर अर्धा तास ठेवावी आणि ती गटाने स्वतः लिहून द्यावी, पालकांनी नव्हे.

भाषेची अट मात्र अजिबात घालू नये. नोंदवही प्रमाण मराठीत असू द्या, पण बोलताना मुलगी मालवणीत सांगत असेल तर तिला थांबवू नये. परीक्षकांत मालवणी समजणारी किमान एक व्यक्ती असावी, एवढे आयोजकांनी पाहावे. पेटीच्या कोणत्या खणातली सुंगटे आधी वाळतात आणि कोणत्या खणात ती दमट राहतात, हे तिला ज्या शब्दांत घरी कळले आहे त्याच शब्दांत ते सर्वांत नेमके सांगता येईल.