भूतानला बदली: लेकीच्या जन्मदाखल्यात नावच नाही, आणि तिच्या नववीचं काय करू?

नमस्कार मंडळी,

ह्यांची बदली पुण्याहून भूतानला झाली आहे. तिथे आपल्या लष्कराचं प्रशिक्षण पथक १९६२ पासून आहे, इम्ट्रॅट म्हणतात त्याला, आणि मुख्यालय आहे 'हा' नावाच्या गावी. गावाचं नाव एवढंच, एका अक्षराचं. आधी हे जातील, क्वार्टर मिळालं की आम्ही मागून. तारखा आणि युनिट इथे लिहीत नाही, कृपया कुणी विचारू नये.

लग्नाला सोळा वर्षं झाली, ही सहावी बदली. काळ्या पेट्या भरायच्या, वर पांढऱ्या रंगाने नाव-नंबर घालायचा, मार्चिंग आऊटच्या, म्हणजे क्वार्टर परत देण्याच्या दिवशी नळ, ट्यूबलाइट, खिडकीच्या काचा मोजून द्यायच्या, हे सगळं हाताला सवयीचं आहे. पण देशाबाहेर पहिल्यांदाच जातोय, आणि या वेळी तीन गोष्टींनी झोप उडाली आहे.

पहिली म्हणजे कागद. भारतीयांना भूतानला व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. आधार चालत नाही. मुलांना पासपोर्ट किंवा जन्मदाखला हवा. म्हणून परवा कागदांची फाईल काढली. मुलगी चौदा वर्षांची आहे, माझ्या माहेरी, साताऱ्याकडच्या गावात जन्मली. दाखल्यावर आईचं नाव आहे, वडिलांचं आहे, तारीख आहे, आणि 'बालकाचे नाव' या रकान्यात नुसती आडवी रेघ. बारशाआधीच नोंद झाली होती आणि नंतर कुणी नाव घालायला गेलंच नाही. शाळेत त्या वेळी आधारवर काम भागलं. चौदा वर्षं हा कागद माझ्याच ट्रंकेत होता आणि मी तो एकदाही नीट वाचला नाही, याचं फार वाईट वाटतंय. आता नाव घालता येतं का? कुठे जायचं?

दुसरी गोष्ट तिची शाळा. सीबीएसई, नववी सुरू आहे. मुलगा दुसरीत आहे, तो कुठेही रुळेल. हे म्हणतात, हिला वसतिगृहात ठेवू. मला ते पटत नाही. ती रात्री अभ्यास झाला की माझ्या पायाशी येऊन बसते, दिवसभरातलं सगळं सांगते, मगच झोपते. या वयात तिला एकटी ठेवायला जीव धजत नाही.

तिसरी गोष्ट सासूबाई. वय एकाहत्तर, रक्तदाबाची गोळी चालू आहे. सिंहगडावर गाडीने गेलो तरी वर चार पावलं चालून बसतात. 'हा' साधारण २,७०० मीटरवर आहे. त्यांना न्यावं का?

बाकी सामानसुमानाचं कुणी तिथे राहून आलं असेल तर जरूर सांगा.

प्रतिसाद: ग्रामसेवक होतो

ताई, आधी दाखल्याचं काम हातात घ्या, बाकी सगळं नंतर. नाव नोंदणीच्या तारखेपासून १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. जिथे जन्माची नोंद झाली त्याच ग्रामपंचायतीत जायचं, पुण्यात होणार नाही. मूळ दाखला, शाळेचं बोनाफाईड आणि दोघांची ओळखपत्रं न्या. स्पेलिंग शाळेच्या रजिस्टरप्रमाणेच द्या, एका अक्षराचाही फरक नको. नवा संगणकीय दाखला घेऊनच निघा आणि तिथेच उभं राहून वाचा. पासपोर्टही करणार असाल तर अल्पवयीन मुलांसाठी आईवडील दोघांच्या सहीचं घोषणापत्र लागतं. साहेब निघायच्या आत सही घेऊन ठेवा.

प्रतिसाद: घोरपडी ते पारो

आम्ही तीन वर्षं 'हा'ला होतो. मन मोकळं करून लिहिते.

लेकीला नववीच्या मध्यात हलवू नकोस. तिथल्या शाळा इंग्रजी माध्यमाच्या आहेत, पण झोंखा, म्हणजे भूतानची भाषा, सक्तीची असते, आणि शाळेचं वर्ष फेब्रुवारीत सुरू होऊन डिसेंबरात संपतं. आपल्या एप्रिल-मार्चशी मेळ बसत नाही. दुसरीतलं पोर झोंखाची अक्षरं महिनाभरात गिरवायला लागतं, दहावीच्या तोंडावरच्या मुलीचं तसं नसतं. शिवाय सीबीएसईची नोंदणी नववीतच होते, तिथलंच नाव नि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावर येते. म्हणजे दाखल्याचं काम दोन्हींकडून निकडीचं आहे. मी माझ्या मोठ्याच्या वेळी पुण्यात राहिले, दहावी होऊ दिली, सुट्टीत जाऊन आलो. दीड वर्ष जड गेलं, पण वसतिगृहाचा विचार केला नाही याचं आजही समाधान आहे.

सासूबाईंना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नको. नेणार असशील तर विमानाने पारोला उतरून तिथून नेऊ नको, मध्ये चेलेला खिंड जवळजवळ चार हजार मीटरवर आहे. आपल्या हद्दीतल्या हासीमारा स्टेशनला उतरा, सीमेवरच्या फुंतशोलिंगला एक रात्र काढा आणि चुझोमच्या फाट्यावरून वर या. पोचल्यावर पहिले दोन दिवस त्यांना नुसतं बसवून ठेव, आंघोळीच्या बादलीलाही हात लावू देऊ नको.

सामानात दोन कुकर घे, जादा रिंगांसह. तिथे पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. गोधड्या आण. ज्वारीचं पीठ आण, थंडीत टिकतं. पैशाची काळजी नको, तिथलं चलन ङुल्ट्रम आणि आपला रुपया बरोबरीचे आहेत. भारतातलं सिम मात्र बंद पडू देऊ नको, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. आणि एक गोष्ट मनावर कोरून ठेव: बुखारी, म्हणजे खोली गरम करायची शेगडी, पेटवून, खिडक्या गच्च लावून कधीही झोपायचं नाही. फट हवीच, कितीही गारठा असो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ग्रामसेवक काका, नोंदणीची तारीख पाहिली. १५ वर्षं पूर्ण व्हायला पाच महिने उरलेत. बोनाफाईडसाठी आजच अर्ज दिला, सोमवारी पहिल्या एसटीने गावी जातेय.

ताई, तुमचं वाचून ह्यांच्याशी रात्री उशिरापर्यंत बोलले. लेकीची दहावी होईपर्यंत मी, ती आणि सासूबाई पुण्यातच राहायचं ठरतंय. धाकट्याचं अजून ठरलं नाही, त्याला बाबांबरोबर जायचंय. वडिलांनी ड्यूटी सांभाळून सात वर्षांच्या मुलाला तिथे एकट्याने सांभाळलेलं कुणी पाहिलंय का? आणि फॅमिली मागे राहिली तर पुण्यातलं क्वार्टर किती काळ ठेवता येतं, हे अनुभवाने कुणी सांगू शकेल का?