मदत हवी आहे: आयएनआरची वही कॉम्प्युटरवर नेताना

नमस्कार मंडळी. मी एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात हृदयाच्या झडपांच्या ओपीडीला सिस्टर आहे. कृत्रिम झडप बसवलेले पेशंट मंगळवारी येतात. आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीचा आकडा, जास्त म्हणजे जास्त पातळ) बघायचा, रक्त पातळ ठेवायच्या गोळीचा डोस ठरवायचा, पुढची तारीख द्यायची. हे आजवर लांबट वहीत चालायचं. आता प्रोग्रॅम आलाय आणि दीड महिना आम्ही दोन्ही भरतोय. रांग व्हरांड्याबाहेर.

मला कॉम्प्युटर नकोय असं नाही. कोण आलं ते वही सांगते, कोण आलं नाही ते सांगत नाही. आणि घात न आलेल्यांचाच होतो. ऊसतोडीला गेला, गोळ्या संपल्या, मग झडपेत गुठळी घेऊनच येतो. ती यादी प्रोग्रॅम एका क्लिकवर देतो.

अडचण डोसची. प्रोग्रॅम वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवायची गोळी धरून केलेला दिसतो, आमचे बहुतेक पेशंट अ‍ॅसिट्रॉम या तशाच दुसऱ्या गोळीवर. सर लिहितात ‘एक दिवस 2, एक दिवस 3’ (मिलिग्रॅम), प्रोग्रॅमला रोजचा एकच आकडा हवा. परवा कुणीतरी 2.5 भरलं. एक मावशी 2 ची आणि 3 ची अशी दोन्ही पाकिटं हातात घेऊन उभ्या, “ताई, यातली अडीचची कुठली?”

शिवाय मायट्रल झडपेला आमचं आयएनआरचं टार्गेट 2.5 ते 3.5, एऑर्टिकला 2 ते 3. प्रोग्रॅम सगळ्यांना 2 ते 3 धरतो, म्हणून 3.2 ची मायट्रलवाली बाई ठीक असूनही लाल दिसते. उद्या खरंच 6 आला तर त्या लालात कुणाचं लक्ष जाणार?

आणि वहीचा समास! ‘उपास चालू’, ‘रोज मेथी’, ‘दात काढायचाय’, ‘फोन शेजारच्या किराणावाल्याचा’. सर आधी समास वाचतात, मग आकडा.

जुनं किती भरायचं? वही कधी बंद करायची?

प्रतिसाद: सिस्टर, जुनं सगळं भरू नका. कुठली झडप, टार्गेट, शेवटचे चार-पाच आयएनआर डोससकट, बस. डोसला सोम ते रवि असे सात खाने आहेत का बघा. एकाआड एक त्यात बसत नाही, आठवड्याचे दिवस विषम. सरांना विचारून सोम-बुध-शुक्र 3, बाकी दिवस 2 असं ठरवून घ्या. पेशंटलाही वार लक्षात राहतो. सकाळी त्या दिवसाची यादी शेवटच्या डोससह छापून ठेवा, वीज गेली तरी ओपीडी चालते. समासासाठी शेऱ्याचा रकाना मागून घ्या, तो डोसच्या शेजारीच हवा. दुसऱ्या पानावर असला तर कुणी उघडत नाही.

धागाकर्ती: सात खाने सापडले, सेटिंगच्या पोटात होते! टार्गेट मात्र कंपनीचा माणूसच बदलणार, तो गुरुवारी येतोय. तोवर लाल रंग बंद करू?

प्रतिसाद: रंगाला हात लावू नका. तोवर मायट्रलवाले वहीतच ठेवा.