पहिली ते चौथीचं विद्यार्थी मंडळ: बिल्ले आणि फोटोंच्या पुढे कसं न्यावं?

पाटीपेन्सिल:
नमस्कार मंडळी. मी तिसरीला शिकवते. यंदा आमच्याकडे पहिली ते चौथीचं विद्यार्थी मंडळ सुरू करायचं ठरलंय आणि ते काम माझ्याकडे आलंय. मला ते मनापासून करायचं आहे. पण विषय निघाला की सहकारी म्हणतात, "एवढ्याशा पोरांना काय कळतं? गृहपाठ बंद करा आणि सुट्टी वाढवा, याखेरीज काही मागणार नाहीत." दुसरीकडे, मी पाहिलेली मंडळं म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला शपथविधी, बिल्ले, एक फोटो आणि पुढे पाहुणे आले की फुलं द्यायला तीच मुलं. असलं मंडळ मला नको आहे.

निवडणूक घ्यावी का? पहिलीच्या मुलांना त्यात घ्यावं का? आणि मुलांच्या हाती नेमकं काय सोपवावं? अनुभव असलेल्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

जुनी मुख्याध्यापिका:
माझी सगळी नोकरी प्राथमिक शाळेत गेली, त्यामुळे जरा लांबण लावते.

मंडळाच्या आधी वर्गसभा सुरू करा. पंधरवड्यातून एकदा, वीसेक मिनिटं, सगळा वर्ग गोल बसलेला. वर्गात बोलणंच झालं नाही तर प्रतिनिधी मंडळात जाऊन काय सांगणार? स्वतःच्या मनातलं सांगणार, किंवा बाईंना काय आवडेल ते सांगणार. आमच्याकडे प्रत्येक प्रतिनिधीजवळ एक वही असायची. वर्गात ठरलेलं त्यात उतरवायचं. लिहिता येत नसेल तर चित्र काढायचं.

एकदा दुसरीचा प्रतिनिधी असंच एक चित्र घेऊन आला. एक दार, दाराच्या आत एक मुलगी आणि बाहेर दुसरी, दोन्ही हातांनी दार ओढून धरलेली. लपंडाव वाटला मला. तो म्हणाला, "बाई, हे बाथरूम आहे. कडी उंच आहे, मुलींचा हात पुरत नाही. म्हणून एक जाते आणि एक दार धरते." मुली जोडीनं जातात हे सगळ्या शिक्षकांना ठाऊक होतं, पण गप्पा मारायला जातात असा समज. कडीकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं, कारण आमचा हात पुरत होता. सुतारानं प्रत्येक दाराला खाली दुसरी कडी बसवली. त्यानंतरच्या वर्गसभांमध्ये एरवी तोंड न उघडणाऱ्या मुली बोलायला लागल्या.

"पोरांना काय कळतं" म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की शाळेच्या इमारतीत सव्वातीन-साडेतीन फूट उंचीवरून काय दिसतं हे फक्त त्यांनाच कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वहीत उजवीकडे "उत्तर" असा रकाना आखा. प्रत्येक मागणीपुढे पुढच्या बैठकीच्या आत काहीतरी लिहिलं गेलंच पाहिजे: हो, आणि कधी; किंवा नाही, आणि का. नकार असेल तर मुख्याध्यापकांनी स्वतः वर्गात जाऊन सांगावा. मुलं नकार पचवतात, हे मी अनेकदा पाहिलंय. उत्तरच आलं नाही की मात्र ती विचारणं सोडतात, आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. चौथीच्या मुलांना शाळा सुटताना मागचं फाटकही उघडून हवं होतं, कारण पुढच्या फाटकात लहान मुलं चेंगरायची. आम्ही नाही म्हटलं, आणि त्यांना तिथं नेऊन गाड्या कशा वळतात ते दाखवलं. पुढच्या बैठकीत त्यांनीच सुचवलं की पहिली-दुसरी पाच मिनिटं आधी सोडा. तेच लागू झालं.

निवडणुकीबद्दल: तिसरी-चौथीत गुप्त मतदान घ्या, पण पहिली-दुसरीत चिठ्ठ्या टाका. त्या वयात मत दिलं जातं ते शेजारी बसणाऱ्याला किंवा वाढदिवसाला खोडरबर वाटणाऱ्याला. एकदा प्रतिनिधी झालेल्यानं पुन्हा उभं राहायचं नाही, म्हणजे बऱ्याच जणांची पाळी येते.

आणि एक गोष्ट कटाक्षानं टाळा. फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहिणं, रांगेत शिस्त लावणं ही कामं मंडळाला देऊ नका. इतर मुलांवर पहारा करणारा प्रतिनिधी त्यांचं म्हणणं मांडू शकत नाही. त्याच्याशी कुणी मोकळेपणी बोलतच नाही.

बालहक्कवाला:
मुख्याध्यापिकाबाईंचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. पहिलीच्या मुलांबद्दल थोडी भर घालतो.

१९८९च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेतलं बारावं कलम म्हणतं की, स्वतःचं मत बनवू शकणाऱ्या प्रत्येक मुलाला आपल्याशी संबंधित बाबींत ते मांडायचा हक्क आहे, आणि वय व समज पाहून त्या मताला वजन दिलं गेलं पाहिजे. किमान वय त्यात कुठंही नाही. २००९ साली संयुक्त राष्ट्रांच्याच बालहक्क समितीनं या कलमावर भाष्य केलं, त्यात तर अशी वयाची अट घालू नये असंच सुचवलंय. त्यामुळे सहा वर्षांच्या मुलांना जरूर घ्या. वेल्समध्ये २००५च्या नियमांनी प्राथमिक शाळांनाही मंडळ सक्तीचं केलं.

तुम्ही वर्णन केलेल्या बिल्ले-फोटो प्रकाराला मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ साली मांडलेल्या सहभागाच्या शिडीत जागा आहे. आठ पायऱ्यांपैकी खालच्या तीन, म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेसाठी उभं करणं आणि नावापुरतं विचारणं, यांना ते सहभाग मानतच नाहीत. आणि बालहक्कांच्या अभ्यासक लॉरा लंडी यांनी २००७ साली लिहिलं की नुसत्या आवाजानं भागत नाही. बोलायला जागा, ऐकणारा माणूस आणि निर्णयावर परिणाम हेही हवं. बाईंचा "उत्तर" रकाना नेमकं तेच करतो.

एका बाबतीत मात्र माझं मत वेगळं आहे. पोलंडमधले डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ यानुश कोर्चाक यांच्या वॉर्सामधल्या अनाथाश्रमात मुलांचं स्वतःचं न्यायालय होतं. मुलंच न्यायाधीश, आणि दावे मोठ्यांवरही लागायचे, खुद्द कोर्चाक यांच्यावरसुद्धा. नियमांचा सगळा कल माफ करण्याकडे होता. तेव्हा भांडणतंटे मुलांच्या हाती देऊच नयेत असं मला वाटत नाही.

जुनी मुख्याध्यापिका:
बालहक्कवाला, तिथं मोठ्यांवरही दावा लावता येत होता, म्हणून ते न्यायालय होतं. आपल्याकडे फक्त मुलंच मुलांची नावं लिहितात. शिक्षकांची तयारी असेल तर माझी हरकत नाही, पण पहिल्याच वर्षी नको.

मधली सुट्टी:
मी पालक आहे. माझी मुलगी दुसरीत आहे, घरी अखंड बडबड आणि वर्गात चकार शब्द नाही. गोल बसवून विचारलं तर ती "पास" म्हणेल. अशा मुलांचं काय?

जुनी मुख्याध्यापिका:
पास म्हणू द्या तिला, पण सभेच्या आधी जोड्या लावा. शेजारणीला सांगायचं, आणि शेजारीण ते सभेत मांडणार. जोडीदाराजवळ बोलणारी मुलं पुष्कळ असतात. चिठ्ठीत अशा मुलीचं नाव निघालं तर प्रतिनिधी दोघं मिळून पाठवा. तिला वगळू मात्र नका.

पाटीपेन्सिल:
सगळ्यांचे मनापासून आभार. वर्गसभा पुढच्या आठवड्यापासून सुरू करते, मंडळ दोन महिन्यांनी. एकच शंका: मंडळाची बैठक कधी घ्यावी? वेळापत्रकात जागा नाही, म्हणून मधल्या सुट्टीत घ्या असं सुचवलं जातंय.

जुनी मुख्याध्यापिका:
मधल्या सुट्टीत अजिबात नको. खेळ बुडतो म्हटल्यावर दुसऱ्या बैठकीला निम्मी मुलं येणार नाहीत. तासिकेतच घ्या, आणि मुख्याध्यापकांनी तिथं बसलंच पाहिजे हे आत्ताच मान्य करून घ्या. महिन्यातला अर्धा तास त्यांना काढता येत नसेल, तर रकान्यातली उत्तरं कोण लिहिणार ते आधी ठरवा.