प्रतिसाद: एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं सिल (दाराखालची पत्र्याची पोकळ पेटी) बाहेरून बदलून भागेल का?

नुसता बाहेरचा पत्रा बदलू नका. १९६२ साली ॲबिंग्डनच्या कारखान्यातून आलेल्या एमजीबीला आधीच्या एमजीएसारखी वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही. रोडस्टरला (उघड्या गाडीला) छपराचा आधारही नाही, म्हणून दारांखालचं सिल हाच तिचा कणा. आत उभा पत्रा, त्याखाली कॅसल रेल, म्हणजे पत्र्याची लांब पन्हळ. गंज तिथूनच धरतो. जुन्यावर नवा पत्रा चढवला की पाणी आत अडकतं आणि वर रंग मात्र चकाचक दिसतो!

कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी आधार वेल्ड करा. एका वेळी एकच बाजू. दार लावून फट तपासत राहा. गाडी मधोमध खचली तर ही फट वरच्या बाजूला आवळते. शेवटी सिलच्या पोकळीत गंज रोखणारं मेण फवारा.