करिअर डेला धंदा बंद केलेली माणसं का बोलावत नाहीत?

उंबरठा:
परवा उद्योजकता आणि नेटवर्किंग या विषयावरच्या करिअर डेला जाऊन आले. पूर्ण दिवस होता. सकाळी चार वक्ते, दुपारी पॅनल, शेवटी दीड तास नुसतं नेटवर्किंग. मी शेवटच्या वर्षाला आहे, पुढे स्वतःचं काहीतरी करायचं डोक्यात आहे, त्यामुळे अगदी वही घेऊन, प्रश्न लिहून गेले होते. चारही जणांची गोष्ट थोड्याफार फरकाने एकच. नोकरी सोडली, घरचे नाही म्हणाले, सुरुवातीला कुणी दारात उभं केलं नाही, मग एक मोठा ग्राहक मिळाला आणि गाडी रुळावर आली. टाळ्या. संध्याकाळी वही उघडली तर "स्वतःवर विश्वास ठेवा" तीन वेळा लिहिलेलं आणि आकडा एकही नाही. दिवस वाया गेला असं वाटलं. पहिल्या वर्षी घर कशावर चाललं, पैसे कुणाचे लावले, कुठपर्यंत तोटा झाला की थांबायचं असं काही ठरवलं होतं का, हे मी एकांना माईकवर विचारलं पण. उत्तर आलं की झोकून दिलं की मार्ग सापडतो.

डोक्यात राहिली ती मधल्या सुट्टीतली एक बाई. वक्त्या नव्हत्या, भाचीला सोबत म्हणून आलेल्या. त्यांनी सहा वर्षं शिलाईचं युनिट चालवून बंद केलं. फोनमध्ये त्यांनी मला एक तक्ता दाखवला, डावीकडे बिल दिल्याची तारीख, उजवीकडे पैसे खरंच आल्याची. दोन्हीत ८०-९० दिवसांचं अंतर, एका ओळीत तर उजवीकडचा रकाना अजून रिकामाच. आणि कारागिरांचा पगार मात्र दर महिन्याच्या महिन्याला. बाई म्हणाल्या, "ऑर्डरी नव्हत्या म्हणून नाही गं, ऑर्डरी वाढल्या म्हणून बुडाले." मोठी ऑर्डर आली की कापड आधी उचलायचं, माणसं आधी लावायची, आणि खेळतं भांडवल तर मागच्या बिलात अडकलेलं. ही गोष्ट मला दहा मिनिटांत कळली आणि दिवसभराच्या चार भाषणांत हिचा उल्लेखसुद्धा नव्हता.

माझं म्हणणं सरळ आहे. करिअर डेला निम्मे वक्ते धंदा बंद केलेले हवेत, आणि नुसतं प्रेरणा देणारं भाषण कमी करायला हवं. तुम्हाला काय वाटतं?

पहाटपाणी:
साफ असहमत. आणि जरा रागही आला वाचून, स्पष्टच लिहिते.

आमच्या घरात तीन पिढ्या नोकरी, तीही मिळाली तर. मी १९ वर्षांची असताना अशाच एका कार्यक्रमात मागे उभी राहून एका बाईंचं भाषण ऐकलं, त्या छोटी मशीनं दुरुस्त करायचा धंदा करायच्या, बोलणं साधं, इंग्रजीचा भपका नाही, आणि मला पहिल्यांदा वाटलं की हे आपल्यासारखं माणूस करतं. त्या दिवशी मला कुणी बिलांचा तक्ता दाखवला असता तर मी घरी जाऊन अभ्यासाला बसले असते आणि तो विषय कायमचा बंद. ज्यांच्या घरात धंद्याची बोलणी रोज कानावर पडतात त्यांना प्रेरणा फालतू वाटणारच, कारण त्यांच्याकडे ती आधीच आहे. बाकीच्यांना दार आहे हेच माहीत नसतं. आत किती पायऱ्या आहेत ते नंतर.

आणि हे फक्त माझ्यापुरतं नाही. ब्रिटनमध्ये १९७० साली जन्मलेल्या मुलांचा वर्षानुवर्षं माग ठेवलेला एक मोठा अभ्यास आहे. त्यावरून दोन संशोधकांनी दाखवलं की १४-१५ व्या वर्षी बाहेरच्या माणसांची करिअरवरची जितकी भाषणं ऐकली, त्यातल्या प्रत्येक भाषणामागे २६ व्या वर्षीची कमाई सरासरी ०.८ टक्के जास्त निघाली. घरची परिस्थिती, मार्क वगैरे हिशोबात धरूनसुद्धा. तेव्हा नुसतं ऐकून काही होत नाही असं म्हणू नका.

उंबरठा:
पहाटपाणी, तुमचा अनुभव मनाला लागला, खरंच. पण तुम्हाला जे भिडलं ते "आपल्यासारखं माणूस" हे होतं ना, झोकून द्या हे नव्हतं. माझ्या कार्यक्रमात तसं कुणी नव्हतंच. आणि त्या ०.८ टक्क्यांतली भाषणं सगळ्या प्रकारच्या कामांबद्दलची असणार, कुणी नर्स, कुणी इंजिनिअर, आपलं काम काय असतं ते सांगणारे. ती माहितीच झाली की.

ताळेबंद:
मी हिशोबाचं काम करतो, लहान धंद्यांची पुस्तकं रोज बघतो, म्हणून धागाकर्तीला शंभर टक्के अनुमोदन. अमेरिकेच्या कामगार खात्याची आकडेवारी बघा, कुठलंही वर्ष घ्या, चित्र जवळजवळ तेच येतं: नव्याने सुरू झालेल्या धंद्यांपैकी साधारण २० टक्के पहिल्या वर्षात बंद होतात आणि पाच वर्षांत निम्मे. म्हणजे स्टेजवर चार जण बसले तर प्रामाणिकपणे दोन तरी बंद केलेले हवेत, हे उंबरठा यांनी अंदाजाने लिहिलं असेल पण बरोबर लिहिलंय.

आणि बंद झालेले सगळे आळशी किंवा बिनडोक नसतात हो. माझ्यासमोर बंद झालेल्यांत बहुतेकांचा माल चांगला होता. वसुली जमली नाही. किंवा भागीदारीत कोण किती वेळ देणार हे कागदावर नव्हतं. किंवा घरखर्च आणि धंदा एकाच खात्यातून, त्यामुळे नफा होतोय की बचत खातोय हेच वर्षभर कळलं नाही. पोरांना हे आधी सांगितलं तर काय बिघडणार आहे?

पहाटपाणी:
बिघडतं, ताळेबंद. नेदरलँड्समधलं उदाहरण देते, २०१० मध्ये छापून आलेलं संशोधन आहे. तिथल्या एका व्यावसायिक शिक्षणाच्या कॉलेजात मुलांना वर्षभर खरीखुरी छोटी कंपनी चालवायला लावली, शेअर विकायचे, माल विकायचा, सगळं. वर्षाच्या शेवटी तपासलं तर उद्योजकतेची कौशल्यं फारशी वाढली नव्हती आणि स्वतःचा धंदा काढायची इच्छा उलट कमी झाली होती. म्हणजे तुम्ही म्हणता तो वास्तवाचा डोस पाजला तर पोरं पळतात. मग उरतात कोण, ज्यांच्या पाठीशी बापाचे पैसे आहेत ते.

ताळेबंद:
तोच निकाल मी उलटा वाचतो. संशोधकांनी पण ही शक्यता मांडली आहे की मुलांना आपल्याला काय जमतं काय नाही याचा खरा अंदाज आला असेल. एखाद्याला विसाव्या वर्षी कॉलेजच्या छोट्या कंपनीत कळलं की विक्री आपल्याला नकोशी वाटते, तर त्याची पाच वर्षं आणि घरच्यांची पुंजी वाचली. मला यात नुकसान दिसत नाही. कौशल्यं वाढली नाहीत हा भाग मात्र काळजीचा आहे, ते मान्य.

घाई कसली हाही प्रश्न आहे. अमेरिकेतल्या लाखो संस्थापकांची माहिती काढून २०२० मध्ये आलेल्या एका अभ्यासात कंपनी काढतानाचं सरासरी वय निघालं ४१.९, आणि हजारात एक अशा सगळ्यात वेगाने वाढलेल्या कंपन्यांत तर ४५. त्याच क्षेत्रात आधी नोकरी केलेल्यांची यश मिळण्याची शक्यता जास्त. हे करिअर डेला कुणी सांगतं का? तिथे असं वातावरण असतं की आत्ता उडी नाही मारली तर संपलं.

मधलासूर:
तुम्ही सगळे भाषणांवर भांडताय, मला शेवटच्या दीड तासाच्या नेटवर्किंगबद्दल बोलायचंय. मी चार चौघांत पटकन न मिसळणारा माणूस आहे आणि हे नेटवर्किंग सत्र म्हणजे मला शिक्षा वाटते. हातात कार्ड, गळ्यात पाटी, आणि सगळे आपापल्या मित्रांच्या घोळक्यात. मला वाटायचं दोष माझा आहे. मग कोलंबिया विद्यापीठातल्या दोन प्राध्यापकांचा २००७ चा प्रयोग वाचला. त्यांनी साधारण शंभर बिझनेसवाल्यांना एका पार्टीत बोलावलं आणि कोण कुणाशी किती वेळ बोलतं हे नोंदणारी इलेक्ट्रॉनिक पाटी प्रत्येकाला लावली. बहुतेकांनी आधी लिहून दिलेलं की नवीन लोकांना भेटायला येतोय. प्रत्यक्षात जवळजवळ निम्मा वेळ ओळखीच्यांशीच गेला, आणि ओळखीचे तर खोलीत तिसरा हिस्साच होते. ही अनुभवी माणसं. मग विद्यार्थ्यांना मोकळं सोडून "करा नेटवर्किंग" म्हणण्यात काय अर्थ आहे.

पण उंबरठा, तुमच्याशी एका मुद्द्यावर वाद आहे. त्या शिलाईवाल्या बाई तुम्हाला कुठे भेटल्या? करिअर डेलाच ना? मग दिवस वाया गेला कसा? मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाचा १९७३ चा गाजलेला लेख आहे. त्याने ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं की ती ओळख किती जवळची, तर निम्म्याहून जास्त जण म्हणाले की त्या माणसाशी गाठ कधीतरीच पडायची, आणि नेहमी उठबस असलेले फक्त १७ टक्क्यांच्या आसपास. कारण सोपं आहे, जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. भाचीला सोबत म्हणून आलेल्या बाई म्हणजे अगदी अशी लांबची ओळख. तुमचं नेटवर्किंग झालं, फक्त ते वेळापत्रकात नव्हतं.

उंबरठा:
मधलासूर, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दिवस वाया गेला हे शब्द मागे घेते. पण तुम्हीच बघा, ती भेट झाली ती सुट्टीत शेजारची खुर्ची रिकामी होती म्हणून. ती बाई स्टेजवर असती तर तीनशे जणांना तो तक्ता दिसला असता.

घंटावाले सर:
मी असे कार्यक्रम नऊ वर्षं भरवतोय म्हणून दुसरी बाजू सांगतो. बंद केलेल्यांना बोलवायचा प्रयत्न आम्ही केलाय. तिघांना विचारलं, दोघे नाही म्हणाले. एकावर अजून कर्ज होतं, देणेकरी कार्यक्रमाचा फोटो बघतील ही भीती. दुसरे म्हणाले, "सर, मी आता नोकरी शोधतोय, माझ्या नावापुढे अपयशी म्हणून छापू नका." तिसरे आले, पण माईक हातात घेतल्यावर पाच मिनिटांत घसा दाटला आणि पुढे मुलांकडेच बघत राहिले. त्या दिवशी मला कळलं की स्टेज ही जागाच चुकीची आहे. जिंकलेल्याला स्टेज सोपं असतं. हरलेल्याकडून तीनशे जणांपुढे हिशोब मागणं हे मला आता क्रूर वाटतं, उंबरठा, रागावू नकोस बाळा.

गेल्या वर्षीपासून एक बदल केलाय. भाषणं दोनच, आणि बाकी वेळ गोल खुर्च्या, आठ मुलं आणि एक पाहुणा, फोटो नाही, मोबाईल बाहेर. पाहुणे जास्त मोकळे होतात. पण तीनशे मुलांना पुरतील इतके पाहुणे मिळत नाहीत ही अडचण तशीच आहे, आणि खर्च उचलणाऱ्यांना मागे बॅनर लागलेलं स्टेजच हवं असतं.

पहाटपाणी:
सर, गोल खुर्च्या मला पटल्या. पण ती दोन भाषणं काढू नका, ही विनंती. माझ्यासारखी मुलगी पहिल्याच दिवशी गोलात येऊन बसत नाही, ती मागे भिंतीला टेकून ऐकते आणि निघून जाते. तिच्यासाठी भाषण हवंच.

उंबरठा:
सर, रागवायचं काय त्यात, उलट तुमच्यामुळे मी थांबून विचार केला. निम्मे वक्ते स्टेजवर हवेत हा आग्रह सोडते, गोल खुर्च्या मान्य. आकडे मात्र हवेतच, यावर मी ठाम आहे.

आणि काल त्या बाईंना फोन केला. आम्हा आठ मैत्रिणींबरोबर बसायला तयार आहेत. अट एकच घातली, येण्याआधी प्रत्येकीने काहीतरी विकायचं, कितीही छोटं, पण ओळखीबाहेरच्या माणसाला, आणि वस्तू दिल्याची तारीख आणि पैसे हातात आल्याची तारीख कागदावर लिहून आणायची.

पहाटपाणी:
हे आवडलं. फक्त त्यांना माझ्याकडून एक विचार, संधी मिळाली तर परत सुरू कराल का? आणि जे म्हणतील ते इथे लिही, तुझ्या बाजूचं असो नाहीतर माझ्या.

उंबरठा:
ते फोनवरच विचारलं होतं. हो म्हणाल्या, अजिबात न थांबता. जुनी मशीनं विकलेली नाहीत, घरीच झाकून ठेवलीत. पण यावेळी निम्मे पैसे आधी हातात आल्याशिवाय कापडाला कात्री लावणार नाही म्हणाल्या.