सरकार पडतानाचा आठवडा: मालिकेत सभागृह कसं दाखवावं?

संवादलेखिका:

नमस्कार. बरीच वर्षं रोजच्या मालिकांचे संवाद लिहिते आहे. आता पहिल्यांदाच आठ भागांची सलग गोष्ट हाती आली आहे: महाराष्ट्रातलं एक आघाडी सरकार दहा दिवसांत कोसळतं. पक्ष काल्पनिक, माणसं काल्पनिक. पण २०१९ आणि २०२२ ज्यांनी टीव्हीसमोर बसून काढलं, त्यांना एकही प्रसंग खोटा वाटता कामा नये.

अडलंय शेवटच्या भागापाशी. निर्मात्यांना मुख्यमंत्र्याचं भाषण हवंय. खचाखच सभागृह, विश्वासदर्शक ठराव, घणाघाती भाषण, मग मतदान. मी म्हणते, आपल्याकडे दोन्ही वेळा ते झालंच नाही. २६ नोव्हेंबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, उद्या संध्याकाळी पाचच्या आत बहुमत चाचणी घ्या, आणि त्याच दिवशी देवेंद्र फडणवीसांनी राजीनामा दिला. २९ जून २०२२ च्या रात्री न्यायालयाने चाचणीला स्थगिती नाकारली आणि थोड्याच वेळात उद्धव ठाकरेंनी फेसबुकवरून राजीनामा जाहीर केला. अख्खा महाराष्ट्र ज्या क्षणाकडे डोळे लावून बसला होता तो आलाच नाही. मला तेच लिहायचंय. निर्माते म्हणतात, आठ भाग ताणून सभागृहच दाखवलं नाही तर प्रेक्षक फसवल्यासारखे उठतील.

माझी गोष्ट मुख्यमंत्र्याच्या स्वीय सहायकाच्या नजरेतून जाते. तो सगळा वेळ आमदारांना फोन लावतोय. आधी आमदार स्वतः उचलतात. मग त्यांचा पी.ए. उचलतो, 'साहेब बैठकीत आहेत' म्हणतो. मग रिंग वाजत राहते. मग फोन बंद. एवढ्यावर दोन भाग उभे राहतील याची मला खात्री आहे.

विधानभवन किंवा मंत्रालय ज्यांनी आतून पाहिलंय त्यांनी कृपया सांगावं. मतदान नेमकं कसं चालतं? आणि कोणती गोष्ट चुकली की जाणकार माणूस चॅनेल बदलतो?

निवृत्त प्रतिवेदक:

ताई, मी विधिमंडळात प्रतिवेदक होतो. अध्यक्षांच्या आसनासमोरच्या टेबलाशी बसायचं, सभागृहात बोललं जाईल ते लघुलिपीत उतरवायचं, पाळी संपली की दुसरा येऊन बसणार आणि आपण जाऊन टंकलेखनाला लागायचं. मान कायम वहीत. त्यामुळे मला सभागृह दिसलं थोडं आणि ऐकू आलं भरपूर. तुम्हाला सांगतो ते आवाजाचंच.

मालिकांमध्ये सगळे एकेक करून बोलतात. खऱ्या सभागृहात, विशेषतः अशा दिवशी, तीन-चार जण एकदम उभे असतात. एक औचित्याचा मुद्दा मांडतोय, दुसरा वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत, उतरलाय, तिसरा बसल्या जागेवरून टोमणा मारतोय. माइक ज्याचा चालू त्याचं ऐकू येतं, बाकीच्यांचं अर्धं. आम्ही कंसात '(अडथळा)' लिहून पुढे जायचो. मुख्यमंत्र्याचं भाषण लिहायचंच असेल तर ते दर दोन वाक्यांनी तुटू द्या. तुटल्यावर तो कोणता धागा परत उचलतो आणि कोणता सोडून देतो, यातून माणूस कळतो.

आणखी एक. मोठं भाषण बहुधा जिंकलेला करतो, तेही मतदान उरकल्यावर. ४ जुलै २०२२ ला एकनाथ शिंदेंचं ते लांबलचक भाषण ठराव मंजूर झाल्यानंतरचं आहे. मतदानाआधी सगळ्यांचं लक्ष बाकांवरची डोकी मोजण्यात गुंतलेलं असतं.

आता मतदान. आधी आवाजी. 'होय'चे बहुमत, 'नाही'चे बहुमत. कुणी मतविभाजन, म्हणजे मतं प्रत्यक्ष मोजा, असं मागितलं की घंटा वाजते. कॅन्टीनमध्ये, लॉबीत, वरच्या मजल्यावरच्या दालनात जो असेल त्याने ती ऐकून धावायचं. घंटा थांबली की दरवाजे बंद. मग बाहेर राहिलेला कितीही मोठा असो, आत येत नाही. ३ जुलै २०२२ ला अध्यक्षपदाच्या निवडणुकीत राहुल नार्वेकरांना १६४ मतं पडली, विरोधात १०७. दुसऱ्या दिवशी विश्वासदर्शक ठरावावर १६४ तशीच राहिली आणि विरोधातली ९९ वर आली. पोचायला उशीर झालेल्यांमध्ये अशोक चव्हाण होते, म्हणजे स्वतः मुख्यमंत्रिपद भूषवलेले. दरवाजा बंद झाला होता. तुमच्या निर्मात्यांना थरारच हवा असेल तर हा घ्या की. लिफ्टपाशी गर्दी, घंटा वाजतेय, आणि एक वयस्कर आमदार जिना उतरतोय.

मोजणी शिरगणतीने. रांगेतला सदस्य उभा राहतो, आपलं नाव सांगतो, क्रमांक सांगतो, बसतो. मग पुढचा. आकडा माणसागणिक चढत जातो, आणि तुमच्या सहायकाला कुठल्या बाकावर तो अडखळणार हे माहीत असतं. २०२२ च्या त्या मोजणीत काही सदस्य उभे राहिले की विरोधी बाकांवरून 'ईडी, ईडी' असा आवाज यायचा. त्या गलक्यातही क्रमांक म्हणावाच लागतो. संवादलेखकाला एवढा तयार प्रसंग परत मिळायचा नाही.

विधानसभा २८८ ची, म्हणून १४५ हा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो. पण ठराव हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमतावर ठरतो. त्यामुळे एखादा आमदार विरोधात न जाताही सरकार पाडू शकतो. तो फक्त येत नाही. ३० नोव्हेंबर २०१९ ला ठाकरे सरकारच्या बाजूने १६९ मतं पडली आणि विरोधात शून्य, कारण भाजपने सभात्याग केला होता.

जाणकार कशाने चॅनेल बदलतो म्हणता? राज्यपाल सभागृहात बसून मतदान बघताना दाखवलेत की आम्ही उठलोच.

माजी बातमीदार:

वरच्या काकांनी सभागृह सांगितलं, मी बाहेरचं सांगतो. या आठवड्यात बातमी हॉटेलात असते. २०२२ मध्ये सुरत, गुवाहाटी, मग गोवा. २०१९ मध्ये मुंबईतच, २५ नोव्हेंबरला ग्रँड हयातमध्ये तीन पक्षांच्या आमदारांना एकत्र उभं करून शपथ दिली, 'आम्ही १६२'. आमदार स्वखुशीने आलेत हे दाखवायला कॅमेरे बोलवायचे आणि कॅमेरे गेले की कोण कुणाच्या खोलीत जातो यावर पहारा ठेवायचा. तुम्ही हॉटेल लिहाल तेव्हा कंटाळा लिहा. तेच जेवण, तीच लॉबी, टीव्हीवर स्वतःचीच बातमी. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्यात. घरून फोन येतो की दारासमोर कार्यकर्ते जमलेत, आता काय सांगायचं?

मी अशा एका हॉटेलबाहेर रात्रभर उभा राहिलो आहे. पहाटे एक आमदार गेटपर्यंत चालत आले. सुरक्षारक्षक पुढे सरकले तसे थांबले, आमच्याकडे बघून हात हलवला आणि मागे वळले. आमच्यातल्या कुणीही त्याची बातमी केली नाही, बातमी करण्यासारखं काही घडलंच नव्हतं. तुमच्या मालिकेत हा माणूस असायला हवा असं मला फार वाटतं.

आणि खरी माणसं पटकथेच्या पुढे असतात. आमदार कैलास पाटील सुरतेकडे निघालेल्या गाडीतून उतरून पावसात चालत, मग दुचाकीवर, मग ट्रकने मुंबईकडे परतले, असं त्यांनीच सांगितलं. सांगोल्याचे शहाजीबापू पाटील गुवाहाटीहून कार्यकर्त्याशी फोनवर बोलले, 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील', आणि ते राज्यभर गाजलं. बैठकीच्या खोलीत बसून असं वाक्य सुचत नाही. त्या माणसाच्या गावची बोली कानात असावी लागते. प्रत्येक आमदाराला त्याच्या तालुक्याचं बोलणं द्या, सगळ्यांना एकाच पुणेरी भाषेत बोलायला लावू नका.

एक विनंती. फुटणाऱ्या आमदाराला खोक्यांचा गुलाम करून मोकळं होऊ नका. पैशाचे आरोप होतात, यंत्रणांच्या भीतीचेही होतात, ते येऊ देत. पण मतदारसंघाला निधी मिळत नाही, मुख्यमंत्री भेटत नाहीत, मित्रपक्षाचा मंत्री आपल्या विरोधकाला बळ देतो, ही कारणं २०२२ ला बंडखोरांनी उघड सांगितली होती. ती ऐकून तुमच्या सहायकालाच दोन मिनिटं गप्प बसावं लागलं पाहिजे. कारण भेटीची वेळ न देणारा तोच होता.

वकील:

तुमच्या वादात मी तुमच्या बाजूने आहे, आणि त्याला आधार निकालाचा आहे. ११ मे २०२३ ला २०२२ च्या सत्तांतरावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं समर्थनीय नव्हतं. तरीही जुनं सरकार परत आणता येणार नाही, कारण मुख्यमंत्री चाचणीला सामोरे गेले नाहीत, त्यांनी स्वतःहून राजीनामा दिला. म्हणजे फेसबुकवरच्या त्या काही मिनिटांनी पुढचा सगळा निकाल बांधला. तुमच्या आठव्या भागात सहायक विचारतो, 'साहेब, उद्यापर्यंत थांबू या का?' आणि साहेब कागदावर सही करतात. निर्मात्यांना हे दाखवा. सभागृहातल्या कुठल्याही भाषणापेक्षा या सहीचं वजन जास्त आहे, आणि ते त्या खोलीत त्या क्षणी कुणालाच कळलेलं नाही.

गोष्टीची सुरुवातही दहा दिवस आधी धरू नका. नाना पटोलेंनी फेब्रुवारी २०२१ मध्ये अध्यक्षपद सोडलं, ते पद जुलै २०२२ पर्यंत रिकामं राहिलं. म्हणून बंडाच्या वेळी अपात्रतेच्या नोटिसा उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांच्याकडून निघाल्या, १६ आमदारांना. आणि बंडखोरांनी त्यांनाच हटवण्याची नोटीस पाठवली, कारण २०१६ च्या नबाम रेबिया निकालानुसार स्वतःवर अशी नोटीस प्रलंबित असताना पीठासीन अधिकाऱ्याला अपात्रता ठरवता येत नाही. कुणाचा कागद आधी पोचला, कुठल्या ई-मेलवरून आला, यावर भांडण झालं. हे सगळं एका भागात मावेल, आणि पाठलागाइतकंच रंगेल.

आकड्यांची गफलत मात्र करू नका. पक्षाचे एक तृतीयांश आमदार फुटले तर पक्षांतरबंदी कायद्यात चालतं, ही सोय २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने गेली. आता विलीनीकरणासाठी दोन तृतीयांश लागतात. शिवसेनेचे तेव्हा ५५ आमदार होते, म्हणून ३७ हा आकडा सगळीकडे ऐकू येत होता. तुमच्या काल्पनिक पक्षाची आमदारसंख्या आधी ठरवा. हॉटेलच्या खोल्यांपासून बसच्या सीटपर्यंत सगळं त्या एका आकड्यावर ठरेल.

संवादलेखिका:

तिघांचेही मनापासून आभार. वकीलसाहेबांचा 'थांबू या का' लगेच लिहून काढला. भेटीची वेळ न देणारा सहायकच होता, यामुळे पहिले तीन भाग मला नव्याने बांधावे लागतील, आणि ते मी आनंदाने करणार आहे. शिरगणती ठेवतेय, पण पाचव्या भागात, एका साध्या विधेयकावर. सरकार तेव्हा जिंकतं, आणि सहायकाला गैरहजर बाकं दिसतात. म्हणजे निर्मात्यांना सभागृहही मिळेल.

प्रतिवेदक काका, एक राहिलं. मुख्यमंत्री रात्री गेले, तर दुसऱ्या दिवशीच्या अधिवेशनाचं काय होतं?

निवृत्त प्रतिवेदक:

२०२२ ला राज्यपालांच्या पत्रात सगळं बांधून दिलं होतं. ३० जून, सकाळी अकरा, विषय एकच, आणि पाचच्या आत संपवायचं. अशा पत्रानंतर सचिवालयात कुणी घरी जात नाही. सदस्यांना सूचना, कामकाजपत्रिका, बंदोबस्त, पासेस. मग रात्री राजीनामा आला आणि सचिवांनी सदस्यांना कळवलं की उद्याचं अधिवेशन होणार नाही. तुमचा सहायक सकाळी सवयीने विधानभवनात आला तर त्याला गेटवर पोलीस दिसतील, वर कर्मचारी दिसतील, आणि तयार केलेल्या कामकाजपत्रिकांचा गठ्ठा टेबलावर तसाच असेल. त्यातली एक त्याला मागून घेऊ द्या. शिपाई देईल, नाही म्हणणार नाही.