मदत हवी आहे: जेना-ल्युसीन शोधात मराठी सामान्यरूपांचे हायलाइटिंग

अपाचे जेना फुसेकी या जोडलेल्या विदेच्या सर्व्हरवर टीडीबी२ (विदा साठवणारा भाग) आणि ल्युसीन (मजकूर शोधणारी लायब्ररी) टेक्स्ट इंडेक्स वापरून मी मराठी वर्णनांचा जोडलेला विदासंच शोधण्याजोगा करत आहे. इंडेक्समध्ये मूळ मजकूर साठवण्यासाठी 'स्टोअरव्हॅल्यूज' चालू आहे, सर्व लिटरल्सना (मजकूर-मूल्यांना) 'एमआर' ही मराठीची भाषाखूण आहे आणि 'हायलाइट' पर्यायाने जुळलेले शब्द खुणांसह परतही येतात.

अडचण सामान्यरूपांची आहे. स्टँडर्ड अ‍ॅनालायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) मूळ रूप काढत नसल्यामुळे 'रस्ता' शोधल्यास 'रस्त्यावर' सापडत नाही. 'रस्त*' दिल्यास दोन्ही सापडतात, पण 'रस्तोरस्ती'ही येते, आणि वापरकर्त्याने असे अर्धे रूप टंकावे ही अपेक्षा मला योग्य वाटत नाही. ब्राउझरमध्ये जुळलेल्या 'रस्त' एवढ्याच भागाला स्वतः खूण घालून पाहिली, तर 'त' आणि हलन्ताच्या मध्ये टॅग येऊन 'त्या' हे जोडाक्षरच तुटले. त्यामुळे खूण पूर्ण शब्दालाच हवी. पुन्हा इंडेक्स करण्याची तयारी आहे, मात्र फुसेकी सोडता येणार नाही.

जेनरिक अ‍ॅनालायझरद्वारे स्वतःचा मराठी स्टेमर (शब्दाचे मूळ रूप काढणारा भाग) जोडल्यास, 'रस्ता' या शोधाला 'रस्त्यावर' हा अख्खा शब्द हायलाइट होईल का, की हायलाइटरसाठी क्वेरी अ‍ॅनालायझर (शोधशब्दावर चालणारा अ‍ॅनालायझर) वेगळा नोंदवावा लागतो?